पक्ष बदलायचाय? आधी राजीनामा द्या

"राजकारण आहे, चालायचंच." हे वाक्य कुणी बोललं की हल्ली माझ्या डोक्यात तिडीक जाते. टपरीवर, एसटीत, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे हेच ऐकू येतं. माणसं मोबाईलवर नेत्यांच्या कोलांटउड्या बघतात, हसतात, चार ग्रुपांवर पुढे ढकलतात आणि कामाला लागतात. मला हसू येत नाही, राग येतो. पोस्ट लांब झाली आहे, पण जमलं तर पूर्ण वाचा.

ऑक्टोबर 2019 मध्ये आपण विधानसभेसाठी मतदान केलं. एका बाजूने युती म्हणून मतं मागितली, दुसऱ्या बाजूने आघाडी म्हणून. भाजप 105, शिवसेना 56, राष्ट्रवादी 54, काँग्रेस 44. पुढच्या पाच वर्षांत काय काय झालं ते आठवून बघा. 23 नोव्हेंबरला पहाटे राष्ट्रपती राजवट उठली आणि लोकांनी तोंड धुवायच्या आत शपथविधी उरकला. ते सरकार चार दिवसांत पडलं. 28 नोव्हेंबरला शिवाजी पार्कवर दुसरं सरकार आलं, ज्यांनी महिनाभरापूर्वी एकमेकांवर जाहीर सभांतून तोफा डागल्या होत्या त्यांचं. जून 2022 मध्ये शिवसेनेतून फुटलेले आमदार सुरत, गुवाहाटी, गोवा असे फिरून आले आणि 30 तारखेला तिसरं सरकार. मग 2 जुलै 2023, रविवार, भर दुपारी विरोधी पक्षनेते अजित पवार राजभवनात गेले आणि उपमुख्यमंत्री होऊन बाहेर आले.

एका विधानसभेत तीन मुख्यमंत्री झाले. त्याहून वाईट गोष्ट अशी की त्या पाच वर्षांत चारही मोठे पक्ष कधी ना कधी सत्तेत बसले. म्हणजे तुम्ही मत कुणालाही दिलेलं असो, ज्याला पाडायला म्हणून रांगेत उभे राहिलात त्याच्याच पदरात ते कधीतरी जाऊन पडलं.

हे कालपरवा सुरू झालेलं नाही, आणि एका पक्षाचं दुखणंही नाही. 1978 मध्ये वसंतदादांचं सरकार पाडून शरद पवार अडतिसाव्या वर्षी मुख्यमंत्री झाले. 1991 मध्ये छगन भुजबळांनी नागपूर अधिवेशनात शिवसेना फोडली. पण तेव्हा निदान गदारोळ व्हायचा, लोकांना धक्का बसायचा. आता धक्काही बसत नाही आणि मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटते.

27 जून 2023 ला पंतप्रधानांनी भोपाळच्या सभेत राष्ट्रवादीवर 70 हजार कोटींच्या घोटाळ्यांचा आरोप केला. पाचच दिवसांनी त्याच राष्ट्रवादीतला मोठा गट महाराष्ट्रात त्यांच्याच पक्षाच्या सरकारात सामील झाला. आरोप खरा असेल तर त्यांना घेतलं कसं? खोटा असेल तर केला कशाला? दोन्हीपैकी एकाचं तरी उत्तर आपल्याला मिळायला हवं होतं. कुणी दिलं नाही, आणि आपणही फार वेळ विचारत बसलो नाही.

तीच गोष्ट निधीची. 2022 मध्ये फुटलेले आमदार कॅमेऱ्यासमोर काय सांगत होते? अर्थखातं अजित पवारांकडे आहे, आमच्या मतदारसंघाला निधी मिळत नाही, आम्ही लोकांना तोंड कसं दाखवायचं? वर्षभराने तेच अजित पवार त्यांच्याच मंत्रिमंडळात आले आणि अर्थखातं पुन्हा त्यांच्याकडेच गेलं. ज्या कारणासाठी सरकार पाडलं ते कारण शेजारच्या खुर्चीत येऊन बसलं, तरी त्या कारणासाठी कुणी राजीनामा दिला नाही.

आता जे मला खरंच बोलायचंय ते.

या सगळ्यात नेत्याचं काही जात नाही. किंमत मोजतो तो कार्यकर्ता. आमच्या गल्लीत असा एक पोरगा आहे. बारावीनंतर पोलीस भरतीची तयारी करत होता, पहाटे पाचला उठून माळावर पळायचा. निवडणुकीच्या आधी त्याच्या नेत्याने हायवेवर रास्ता रोको लावला. मुद्दा खरा होता, पिकाच्या नुकसानभरपाईचा. पोरं टायर पेटवून रस्त्यावर बसली. नेता अर्धा तास बसला, भाषण ठोकलं, निवेदन दिलं आणि गाडीत बसून गेला. मागे राहिलेल्या पोरांवर गुन्हे दाखल झाले: बेकायदा जमाव, सरकारी कामात अडथळा. भरतीत पोचलास तरी चारित्र्य पडताळणीत हे निघणार, असं त्याला सगळ्यांनी सांगितलं. त्याने भरतीचा नाद सोडला. आता टेम्पो चालवतो. तारीख असली की गाडी उभी करून तालुक्याच्या कोर्टात जातो, दिवसभर व्हरांड्यात बसतो आणि पुढची तारीख घेऊन परत येतो. वकिलाची फी त्याचा बाप देतो.

ज्या आमदाराच्या विरोधात तो रास्ता रोको होता आणि ज्या नेत्याने तो लावला होता, ते दोघं आज एकाच स्टेजवर असतात. मागच्या दिवाळीला चौकात फ्लेक्स लागला, वरच्या पट्टीत दोघांचे फोटो शेजारीशेजारी आणि खाली शुभेच्छुकांच्या ओळीत या पोराचा एवढासा चेहरा. त्याला कुणी विचारलंच नव्हतं. मी त्याला म्हटलं, "अरे, काढायला सांग ना फोटो." तो म्हणाला, "काका, काढला तर केस कोण बघणार माझी?"

या उत्तरावर मला काही बोलता आलं नाही.

अशी पोरं गावोगावी आहेत. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत सख्खे चुलतभाऊ दोन पॅनलमध्ये उभे राहतात, सामाईक विहिरीच्या पाळीवरून हातघाईवर येतात, एकमेकांच्या पोरींच्या लग्नाला जात नाहीत. का? तर आपला नेता वेगळा, त्यांचा वेगळा. मग एक दिवस ते दोन्ही नेते एकाच गाडीतून उतरतात, एकाच ताटात जेवतात. मुंबईत ते दहा मिनिटांत जुळतं. गावात चुलतभावांचं बोलणं सुरू व्हायला दहा वर्षं लागतात, कधीकधी तेवढ्यातही होत नाही.

म्हणून "चालायचंच" म्हणणाऱ्यांना माझा प्रश्न आहे, कुणाच्या जिवावर चालायचं?

कायदा आहे की, असं कुणी म्हणेल. आहे. 1967 मध्ये हरियाणात गया लाल नावाच्या आमदाराने पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला आणि 'आयाराम गयाराम' हा शब्द देशभर झाला. त्यानंतर अठरा वर्षांनी, 1985 मध्ये, पक्षांतरबंदी कायदा आला, घटनेचं दहावं परिशिष्ट. त्यातही पळवाट ठेवली होती, एक तृतीयांश आमदार फुटले तर ती फूट वैध. 2003 मध्ये ती काढली आणि दोन तृतीयांशांनी विलीनीकरण केलं तरच माफी, असं ठरलं. एकट्याने गेलात तर गुन्हा, टोळीने गेलात तर निर्णय, असा त्याचा अर्थ झाला. आपल्याकडे तर विलीनीकरणाचीही गरज पडली नाही. फुटलेल्यांनी सांगितलं की आम्हीच मूळ पक्ष.

आणि हे ठरवणार कोण? विधानसभा अध्यक्ष, जे स्वतः एका पक्षाच्या तिकिटावर निवडून आलेले असतात. सर्वोच्च न्यायालयाने मे 2023 मध्ये शिवसेनेच्या फुटीवर निकाल दिला, तेव्हाच्या राज्यपालांचं बहुमत चाचणी बोलावणं चुकीचं होतं असं स्पष्ट सांगितलं, पण मुख्यमंत्र्यांनी चाचणीआधीच राजीनामा दिल्यामुळे जुनं सरकार परत आणता येत नाही, असंही सांगितलं. अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांकडे गेला. तो लागला 10 जानेवारी 2024 ला, फुटीनंतर दीड वर्षाने, तोही न्यायालयाने मुदत घालून दिली म्हणून. निकाल काय? दोन्ही गटांतला एकही आमदार अपात्र नाही. पुढच्या महिन्यात राष्ट्रवादीच्या बाबतीतही तेच. एवढी उलथापालथ झाली आणि कायद्याच्या नजरेत कुणीच पक्ष सोडला नव्हता!

या प्रकरणांचा निर्णय अध्यक्षांकडे ठेवू नका, निवडणूक आयोगाच्या सल्ल्याने राष्ट्रपती किंवा राज्यपालांनी द्यावा, ही शिफारस दिनेश गोस्वामी समितीने 1990 मध्येच केली होती. तेव्हापासून दिल्लीत सगळ्या रंगांची सरकारं येऊन गेली. कुणीही ती उचलली नाही, कारण आज ना उद्या प्रत्येकाला आपल्या माणसाच्या हातात तो निर्णय हवा असतो.

शपथांवर तर माझा विश्वासच उडालाय. गोव्यात 2022 च्या निवडणुकीआधी काँग्रेसने आपल्या उमेदवारांना पणजीच्या महालक्ष्मीपुढे, बांबोळीच्या खुरसापुढे (क्रॉसपुढे) आणि बेतीच्या दर्ग्यात नेऊन पक्ष सोडणार नाही अशी शपथ घ्यायला लावली. अकरा निवडून आले. सप्टेंबरात त्यातले आठ भाजपमध्ये गेले. देवाला विचारूनच निर्णय घेतला, असं त्यांच्यातल्या एका माजी मुख्यमंत्र्यांनी सांगितलं. देवाचं नाव घेऊन दिलेला शब्द देवाचंच नाव घेऊन मोडला.

आमच्या सोलापूर जिल्ह्यात सांगोला आहे. तिथून गणपतराव देशमुख 1962 पासून अकरा वेळा आमदार झाले. मतदारसंघ एक, पक्ष एक, शेतकरी कामगार पक्ष (शेकाप). दोन वेळा मंत्रिपद मिळालं ते सोडलं तर आयुष्य विरोधी बाकावर गेलं. एसटीने फिरायचे. दुष्काळी तालुक्यात सहकारी सूतगिरणी उभी केली, पाण्यासाठी वर्षानुवर्षं भांडले. "सत्तेत गेल्याशिवाय विकास होत नाही" असं सांगणाऱ्या प्रत्येकाला माझ्या मते सांगोल्याला पाठवायला हवं. तुम्ही विरोधी पक्षाचा आमदार निवडला म्हणून तुमच्या गावच्या रस्त्याला पैसे मिळणार नाहीत, हे ऐकून आपल्याला संताप यायला पाहिजे. त्या गावचा माणूस कर भरत नाही का? निधी अडवून आमदार फोडायचा आणि मग त्या फुटण्याला विकासाचं नाव द्यायचं, ही सरळसरळ खंडणी आहे.

त्याच सांगोल्यातून 2019 मध्ये गणपतरावांच्या नातवाला 768 मतांनी हरवून शहाजीबापू पाटील शिवसेनेचे आमदार झाले आणि गुवाहाटीच्या हॉटेलातून झाडी-डोंगराचं वर्णन करून देशभर गाजले. लोकांना ते फोन ऐकून मजा वाटली. मला त्या तालुक्यातल्या जुन्या माणसांचं काय झालं असेल याचंच वाटत राहिलं. 2024 मध्ये तिथे पुन्हा शेकापचा आमदार निवडून आला.

यावर मला नेहमी ऐकवलं जातं, "पण लोकांनीच तर परत निवडून दिलं!" बरोबर आहे. 2024 च्या विधानसभेत फुटून गेलेल्यांपैकी बरेच जण आरामात निवडून आले. मी ते नाकारत नाही. पण मतदाराला अडीच वर्षांनी विचारलं, तोवर समोरच्या बाजूलाही इकडून तिकडे गेलेलेच उभे होते. लाडकी बहीणचे पैसे खात्यात येत होते, जातीची गणितं होती, ऊस कुणाच्या कारखान्याला जातो हा प्रश्न होता. इतक्या गोष्टींच्या ढिगाऱ्यात "तुम्ही आमचं मत का विकलंत?" हा प्रश्न दबून जातो. तो एकटा, वेळेवर विचारला तर लोक उत्तर देतात. सातारा आठवा. उदयनराजे राष्ट्रवादीतून भाजपमध्ये गेले, पण जाताना खासदारकीचा राजीनामा दिला. हे त्यांच्या बाजूने नोंदवलंच पाहिजे. ऑक्टोबर 2019 मध्ये पोटनिवडणूक झाली, शरद पवारांची भर पावसातली ती सभा झाली आणि छत्रपतींच्या थेट वंशजाला साताऱ्याच्या लोकांनी सुमारे 87 हजार मतांनी पाडलं. विचारलं तर लोक असं बोलतात. पुढे सहा महिन्यांत त्यांना राज्यसभेवर घेतलं गेलं, म्हणजे लोकांनी लावलेलं दार पक्षाने मागून उघडून दिलं.

लातूर ग्रामीणमध्ये त्याच वर्षी 'वरीलपैकी कोणीही नाही' हे नोटाचं बटण 27 हजारांवर लोकांनी दाबलं आणि ते दुसऱ्या क्रमांकावर राहिलं. पलूस-कडेगावातही नोटाच दुसरा. एवढ्या लोकांनी उन्हात रांग लावून "यातला एकही नको" असं सांगितलं, पण त्याचा निकालावर काही परिणाम होत नाही. रागाला कायद्यात जागाच नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. ज्या चिन्हावर निवडून आलात ते सोडायचं असेल तर एकटे असा वा चाळीस जण, आधी राजीनामा द्या आणि सहा महिन्यांत त्याच मतदारसंघात पुन्हा उभे राहा. त्या मुदतीत मंत्रिपद नाही, महामंडळ नाही, राज्यसभा-विधान परिषदेची मागची वाटही नाही. निर्णय अध्यक्षांकडे नको, ठरलेल्या मुदतीत बाहेरच्या स्वतंत्र यंत्रणेकडून हवा. आंदोलनात पोरांवर गुन्हे दाखल झाले तर ज्याने आंदोलन पुकारलं त्याचं नाव पहिल्या क्रमांकावर असलं पाहिजे, आणि वकिलाचा खर्चही त्याने उचलला पाहिजे. हे शेवटचं कुठल्या कायद्यात बसेल मला सांगता येणार नाही, पण गावाने ठरवलं तर बसवता येईल.

घटनादुरुस्ती संसदेत होते, तेव्हा हे खासदारांना विचारायचं आहे. आमच्या गावात आम्ही काही जणांनी एका पानावर तीन प्रश्न लिहिलेत. पक्ष सोडलात तर राजीनामा द्याल का? दहाव्या परिशिष्टातली ही दुरुस्ती संसदेत मागाल का? तुमच्या आंदोलनात आमच्या किती पोरांवर केसेस आहेत, त्यांची यादी तुमच्याकडे आहे का? मत मागायला कोणीही आला, कुठल्याही पक्षाचा, तरी त्याने हे पान भरून सही करून द्यायचं आणि ते ग्रामपंचायतीच्या फलकावर लागणार. नाही दिलं तर तसंही लिहून लावणार. ज्यांना आपल्या गावात हे करायचंय त्यांनी खाली तालुक्याचं नाव टाका, पानाचा फोटो पाठवतो.