श्रावण, कोंडून ठेवणं आणि तिसरा दिवस : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. दारू एकदम तोडण्याच्या धोक्यांवरच्या लेखावर आपण लिहिलंत की घणसोलीत गटारी झाली की निम्मी गल्ली श्रावणभर बाटलीला शिवत नाही आणि कुणाला काही होत नाही. पिणाऱ्याला चार दिवस घरात कोंडलं की तो ताळ्यावर येतो, असंही आपलं म्हणणं. दवाखान्यात मात्र गोळ्यांचं नवं व्यसन लागतं, हीही आपली तक्रार.

गल्लीचं म्हणणं मान्य. श्रावण सहज पाळणारे बहुतेक जण शनिवार-रविवारचे पिणारे. लेख होता सकाळी चहाआधी दोन घोट लागणाऱ्यांबद्दल. रोज दोन क्वार्टर, म्हणजे साधारण १२० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. त्या गुंगीला पुरून उरायला मेंदू आपला वेग वाढवून बसलेला असतो. दारू एकदम तोडली की गुंगी उतरते, वेग तसाच राहतो.

शेवटच्या घोटानंतर ६ ते ८ तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, उलट्या होतात. पहिल्या ४८ तासांत आकडी येऊ शकते. घरचे फसतात ते पुढे. थरथर जरा ओसरली की ‘सुटली एकदाची’ म्हणतात, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी माणूस भिंतीवरच्या नसलेल्या मुंग्या झटकू लागतो, बायकोला ओळखत नाही, अंग तापतं. मग अंगारा लावला जातो. उपचार नसतील तर यात जीव जातो.

नाक्यावर ‘ताकदीची बाटली’, म्हणजे ग्लुकोजचं सलाईन, चढवून आणायची पद्धत तर आणखी घातक. पिणाऱ्याच्या अंगात बी-१ जीवनसत्त्व आधीच तळाला गेलेलं असतं. ग्लुकोज जिरवताना उरलंसुरलंही खर्च होतं. डोळे फिरतात, चाल लडखडते, स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. म्हणून बाटलीआधी, निदान तिच्यासोबत, थायमिनचं, म्हणजे याच बी-१चं, इंजेक्शन लागतं. नुसती गोळी अशा आतड्यातून नीट शोषली जात नाही.

गोळ्यांची भीती अनाठायी नाही. दारू तोडताना थरथर आणि आकडी आवरायला देतात ते क्लोरडायझेपॉक्साइड सवय लावू शकतं, म्हणूनच ते रोज कमी करत साधारण आठवड्याभरात बंद करतात. यकृत खराब असेल तर त्याऐवजी लोराझेपाम देतात. पाकीट घरच्या माणसाने सांभाळायचं आणि गोळ्या मोजून द्यायच्या. त्यावर दारू घेतली तर श्वास मंदावतो.

सगळ्यांना भरती लागत नाही, हेही खरं. सौम्य त्रास, जवळ जागं माणूस आणि रोज डॉक्टरांची तपासणी असेल तर घरी जमतं. आधी कधी आकडी किंवा भ्रम झालेला असेल, कावीळ किंवा ताप असेल, वय साठीपुढचं असेल तर घरी प्रयोग नको. आकडी आलीच तर कुशीवर वळवा, तोंडात चमचा घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका, १०८ लावा. एरवी ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, आणि व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन १४४४६.

शनिवारचा पिणारा आणि रोजचा पिणारा हा फरक मूळ लेखात पहिल्याच परिच्छेदात यायला हवा होता. तो आता तिथे टाकला आहे.