बागेतलं गाणं आणि मागची बडबड

दरवेळी तेच. मैत्रिणीच्या बागेत दुपारी गाण्याची बैठक, गाणारे-वाजवणारे सगळे आपलेच, फुकटात जीव ओतून वाजवतायत, आणि मागच्या खुर्च्यांवर मंडळी नवीन गाडीच्या मायलेजवर चर्चा करतायत! अरे मग आलात कशाला?

उघड्यावर आवाजाला भिंती नसतात हो, परत फिरून यायला काही नाहीच, जो येतो तो सरळ येतो नाहीतर हवेत विरतो, त्यामुळे हळू आलाप तिसऱ्या रांगेपर्यंत जेमतेम पोचतो आणि त्यात यांचं खिदळणं. त्यात ऊन. तारा तापल्या की सैलावतात, सूर उतरतो, आणि बासरीचा मात्र चढतो, म्हणून तो बिचारा गिटारवाला दर गाण्याआधी कान लावून खुंट्या पिळत बसतो, तर लगेच मागून "अरे सुरू करा की!"

काल तर एकजण मोबाईल उंच धरून बरोब्बर माझ्यासमोर उभा. अख्खं गाणं मी त्याच्या स्क्रीनवर बघितलं. आणि संपल्यावर टाळ्या सगळ्यात जोरात कोणाच्या? मायलेजवाल्यांच्या. वर "वन्स मोअर" पण!