‘बोथट चेन फेका’ म्हणे!

गेल्या पावसाळ्यापासून आमच्या झाडतोडीच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: चेनसॉची, म्हणजे झाड कापायच्या मशीनची, धार लावलेली चेन नव्यासारखी कधीच कापत नाही, तेव्हा बोथट झाली की फेका. नवी घ्याल ती चौकोनी कोपऱ्याच्या दातांचीच घ्या. धार लावायचीच तर हातातला ग्राइंडर फिरवा. दातापुढचा उंचवटा घासून टाका, मशीन दुप्पट कापतं. बारला, म्हणजे चेन जिच्या कडेने फिरते त्या लांब पट्टीला, जळकं ऑइल पुरतं. चेन सैल ठेवू नका.

सहापैकी एकच गोष्ट धड आहे. ती शेवटी सांगतो.

धार लावलेली चेन कापत नाही, हा अनुभव खोटा नाही. पुष्कळांना येतो. कारण मात्र वेगळंच आहे. चेनच्या दाताला आपण करवतीचा दात समजतो, पण तो काम करतो सुताराच्या रंध्यासारखं. रंध्याचं पातं तळातून केसभरच बाहेर काढतात, तेवढ्याच जाडीची ढलपी निघते. चेनमध्ये पातं म्हणजे दात, आणि तळ म्हणजे त्याच्या पुढचा तो बुटका उंचवटा, डेप्थ गेज. बहुतेक चेनांत धार या उंचवट्यापेक्षा साधारण ०.६५ मिलिमीटर वर असते. दाताचा माथा मागे उतरता असतो. कानशीने धार मागे मागे जाते तशी ती खालीही येते, उंचवटा मात्र जिथल्या तिथे. फरक मिटला की धार वस्तऱ्यासारखी असली तरी दात लाकडावरून नुसता घसरतो. मग गडी मशीनवर जोर देतो, बार तापतो, ढलप्यांऐवजी पीठ पडायला लागतं, आणि चेन जाते भंगारात. दात अर्धा शिल्लक असताना!

उपाय स्वस्त आहे. गेजची पत्र्याची छोटी पट्टी मिळते. तीन-चार वेळा धार लावून झाली की ती चेनवर ठेवायची, उंचवटा जेवढा वर डोकावेल तेवढाच चपट्या कानशीने घ्यायचा आणि त्याची पुढची कड पुन्हा गोलसर करायची.

‘घासून टाका’ हा सल्ला याच्या दुसऱ्या टोकाचा, आणि सगळ्यांत घातक. तळच नसलेला रंधा चालवून बघा. प्रत्येक दात झेपेल त्यापेक्षा खोल घुसतो, मशीन हिसके देतं, क्लच तापतो. बारच्या नाकाचा वरचा भाग फांदीला लागला तर मशीन उसळून थेट तोंडाकडे येतं. माझ्याबरोबरच्या एका पोराने असे उंचवटे सपाट केले होते. आंब्याच्या दुबेळक्यात नाक अडकलं आणि मशीन उलटलं. पुढचा हँडगार्ड मनगटाला लागून चेनचा ब्रेक पडला, म्हणून वाचला. हेल्मेटच्या जाळीवरचा ओरखडा अजून आहे.

ग्राइंडरचं म्हणाल तर बाकावर बसवलेलं, कोन धरणारं यंत्र असेल आणि चाक हलकेच टेकवलं तर चालतं. हातातल्या अँगल ग्राइंडरने दात क्षणात निळा पडतो. निळा पडला म्हणजे पोलादाचं पाणी गेलं. अशा दातावर पुढे कधी कानस घसरते, कधी धार तासभरसुद्धा टिकत नाही.

कानशीने वेळ जातो म्हणतात. सवय झाली की बावीस इंची बारची चेन दहा-पंधरा मिनिटांत होते, तेवढ्यात चहाही थंड होत नाही. (बरं, होतो थोडा.) कानस मात्र चेनच्या पिचप्रमाणे, म्हणजे कड्यांमधल्या इंचातल्या अंतराप्रमाणे, मापाची हवी. ०.३२५ पिचला ४.८ मिलिमीटरची, छोट्या लो प्रोफाइल ३/८ ला ४ ची, मोठ्या ३/८ ला कंपनीप्रमाणे ५.२ किंवा ५.५ ची. बार व्हाइसमध्ये धरायचा, कानस दाताच्या आतून बाहेर, एकाच दिशेने. कानस ढकलतानाच कापते. ओढताना घासलीत तर कानशीचेच दात मरतात. कोन बहुतेक चेनांना ३० अंश, दाताच्या माथ्यावर त्याची रेघ कोरलेली असते. कानशीचा पाचवा हिस्सा माथ्याच्या वर राहिला पाहिजे. सगळ्यांत झिजलेल्या दातापासून सुरुवात करायची आणि बाकीचे त्याच्या लांबीला आणायचे. एका बाजूचे दात लांब राहिले की काप केळ्यासारखा वाकडा जातो, मग लोक बारला शिव्या घालतात. माथ्यावर क्रोमचा पातळ थर असतो. दगड लागून कडेचं क्रोम उडालं असेल, तर ते पुन्हा धारेपर्यंत येईस्तोवर घासायचं. नुसती चमक आली म्हणजे धार आली असं नाही.

चौकोनी कोपऱ्याची, म्हणजे फुल चिझल चेन स्वच्छ लाकडात सुरेख पळते, नाकारत नाही. पण आपल्याकडे स्वच्छ लाकूड असतं कुठे? रस्त्याकडेच्या झाडांत पाट्यांचे खिळे, सागात मुळातच सिलिका, किनाऱ्यावरच्या सुरूच्या सालीत वाळू. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, दिवेआगरकडे आडवी पडलेली झाडं आठवा, चिखलात रुतलेली. तिथे चौकोनी कोपरा आधी उडतो. गोलसर कोपऱ्याची सेमी चिझल किंचित हळू कापते, पण धार जास्त वेळ धरते. आमच्यासारख्यांनी तीच घ्यावी.

आणि दुकानात नुसतं ‘बावीस इंची द्या’ म्हणू नका. पिच, बारच्या खाचेची जाडी आणि खालच्या ड्राइव्ह लिंकची, म्हणजे त्या खाचेत बसणाऱ्या कड्यांची, संख्या, हे तीन आकडे सांगा. बऱ्याच बारांवर ते कोरलेले असतात. पिच चुकलं तर चेन स्प्रॉकेटलाच, म्हणजे तिला फिरवणाऱ्या दातेरी चाकालाच, खाते.

जळक्या ऑइलवर फार लिहीत नाही. त्यात इंजिनातला धातूचा कीस असतो, तो खाच झिजवतो, आणि तेच तेल दिवसभर तुमच्या कातडीवर उडत राहतं. ते कर्करोगाला निमंत्रण.

राहिली ती धड गोष्ट. चेन खरंच सैल नको. मशीन बंद ठेवून हाताने ओढली की सहज फिरावी आणि बारच्या खालून लोंबू नये, इतपत ताण. नवी चेन पहिल्या दिवशी ताणली जाते, दोन-तीनदा बघा. पण काम संपलं की थोडी सैल करून ठेवा, हे त्या मेसेजात नाही. तापलेली चेन घट्ट केलेली असेल तर रात्री निवताना आक्रसते आणि बारला, इंजिनातल्या क्रँकच्या बेअरिंगला ओढ देते.