ऑइल कूलर ‘लावलाच पाहिजे’? आधी तेलाचं तापमान मोजा

‘तुमच्या टर्बो गाडीला ऑइल कूलर नसेल तर इंजिन रोज थोडं थोडं मरतंय’ अशा मथळ्याचा एक लांबलचक मेसेज सध्या गाडीवेड्यांच्या ग्रुपवर फिरतोय. तो माझ्या भाच्यापर्यंत पोचला, आणि सेकंडहँड स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २४५ (२४५ अश्वशक्तीची टर्बो पेट्रोल कार) घेतलेला हा मुलगा पंचवीस हजारांचा ऑइल कूलरचा, म्हणजे इंजिनाचं तेल गार करणाऱ्या छोट्या रेडिएटरचा, किट मागवायला निघाला. नुसते पैसे वाया जाणार असते तर गप्प बसलो असतो. पण मेसेजमध्ये सांगितलाय तसा तो किट बसवला तर धडधाकट इंजिनाचं नुकसान होतं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: तेल १०० अंशांच्या वर गेलं की जळायला लागतं. तेल जितकं थंड तितकं इंजिन टिकतं, म्हणून ते ७० अंशांवर ठेवा आणि थर्मोस्टॅटवाली (तेल तापेपर्यंत कूलरची वाट बंद ठेवणारी) प्लेट घेऊ नका. पल्सर २२० ला ऑइल कूलर असतो, मग तुमच्या गाडीला कंपनीने तो पैसे वाचवायला दिलेला नाही. आपल्याकडे ४५ अंश ऊन असतं. टर्बो असेल तर कूलर लागतोच. डॅशबोर्डवरचा काटा खोटं सांगतो. किट अर्ध्या तासात घरी बसतो.

१०० अंशांना तेल जळतं, हे वाक्य लिहिणाऱ्याने तेलाच्या डब्यावरचा आकडा कधी समजून घेतलेला नाही. ५डब्ल्यू-३० मधला ‘३०’ येतो कुठून? एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या जे३०० या मानकातून. त्यात ३० ग्रेडच्या तेलाचा दाटपणा १०० अंश सेल्सियसलाच मोजतात आणि तो ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्सच्या (दाटपणाचं एकक) दरम्यान असावा लागतो. त्याच मानकात तेल १५० अंशांना जोरात घासून पुन्हा मोजतात, आणि तिथे ३० ग्रेडला किमान २.९ सेंटिपॉइज (दाटपणाचंच दुसरं एकक) टिकवावे लागतात. म्हणजे १०० अंश हे तेलाचं कामाचं तापमान आहे आणि १५० ला त्याची परीक्षा होते. चांगल्या इंजिन ऑइलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे त्याची वाफ ठिणगीने पेटते ते तापमान, २०० अंशांच्या वर असतो. १०५ किंवा ११० आकडा पाहून घाबरायचं काहीच कारण नाही.

आता ७० अंशांचा सल्ला. सगळ्या मेसेजमध्ये खरा घातक मुद्दा हाच आहे.

एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण तेवढंच पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. बहुतेक सायलेन्सरमधून जातं, पण थोडी वाफ पिस्टन रिंगच्या फटीतून खाली चेंबरमध्ये, म्हणजे तळाच्या तेलाच्या टाकीत, उतरते. डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात तिच्यासोबत न जळलेलं पेट्रोलही सिलिंडरच्या भिंतीवरून तेलात जातं. हे दोन्ही तेलातून उडून ब्रीदरवाटे (इंजिनातली वाफ बाहेर काढणाऱ्या नळीवाटे) बाहेर पडायला तेल ९०-१०० अंशांवर बराच वेळ राहावं लागतं. ७० ला ते नीट पडत नाहीत. पेट्रोल मिसळलेलं तेल पातळ होतं, पाणी मिसळलेल्या तेलात आम्ल तयार होतं आणि गाळ धरतो. पावसाळ्यात रोज चार-पाच किलोमीटरच चालणाऱ्या गाडीच्या ऑइल कॅपच्या आत पिवळसर पांढरी साय दिसते, ती यामुळेच. विनाथर्मोस्टॅट कूलर लावला की लांबच्या प्रवासातही तीच अवस्था ओढवून घेतली.

दुसरी गोष्ट दाटपणाची. १०० अंशांना १२ सेंटिस्टोक्स असलेलं नेहमीचं ५डब्ल्यू-३० तेल ७० ला २५ च्या आसपास असतं. दुप्पट दाट. पंपाला जास्त जोर लागतो, मायलेज पडतं. प्रेशर गेजवर आकडा मोठा दिसतो आणि मालक खूश होतो, पण प्रेशर म्हणजे प्रवाह नव्हे. थंड दाट तेलाने जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो, काही वेळा फिल्टरचा बायपासही उघडतो, आणि मग न गाळलेलं तेल बेअरिंगकडे जातं. झीज रोखणारं झिंक-फॉस्फरसचं रसायनही धातूवर थर धरतं ते उष्णता आणि दाब मिळाल्यावर. ‘थंड तेल म्हणजे सुरक्षित इंजिन’ हे शंभर टक्के चूक आहे. सकाळी थंड इंजिनावर पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर देऊ नका असं प्रत्येक चांगला मेकॅनिक सांगतो, आणि हा मेसेज तीच थंडी इंजिनाला दिवसभर द्यायला सांगतोय.

थर्मोस्टॅट ‘प्रवाह अडवतो’ म्हणे. तो अडवतो तेल थंड असताना, आणि त्यासाठीच तो असतो. बाजारातल्या चांगल्या प्लेटचा थर्मोस्टॅट साधारण ८० ते ९५ अंशांच्या दरम्यान उघडतो, आणि बंद असतानाही थोडं तेल कूलरमधून जाऊ देतो, म्हणजे उघडल्यावर गार तेलाचा लोंढा एकदम इंजिनात येत नाही.

पल्सर २२० ची तुलना ऐकायला बिनतोड वाटते. पण त्या इंजिनात पाणीच नाही. हवेवर गार होणाऱ्या इंजिनात उष्णता वाहून नेणारा द्रव एकच, तेल, म्हणून त्याला समोर छोटा रेडिएटर दिलाय. कारच्या इंजिनात सिलिंडर आणि हेडभोवती कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाण्याचं मिश्रण) फिरतं. शिवाय आरएस २४५ मधल्या ईए८८८ इंजिनाला कंपनीनेच ऑइल कूलर दिलेला आहे. तो बंपरमध्ये नाही म्हणून मेसेजवाल्याला दिसला नाही. फिल्टरच्या हाउसिंगला लागून अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यांचा चपटा ठोकळा असतो, त्यात एका बाजूने तेल आणि दुसऱ्या बाजूने कूलंट वाहतं. रस्त्यावरच्या गाडीसाठी ही रचना बाहेरच्या कूलरपेक्षा सरस आहे. सकाळी कूलंट आधी तापतं आणि तेलाला गरम करतं, पुढे तेल तापलं की कूलंट त्याला ओढून खाली ठेवतं. गाडी ट्रॅफिकमध्ये उभी असली तरी रेडिएटरचा पंखा काम करतो. बंपरमधल्या विनापंख्याच्या कूलरला हिंजवडीच्या संध्याकाळी हवा मिळणार कुठून?

४५ अंश उन्हाचं उत्तरही यातच आहे. तेलाची उष्णता कूलंटला जाते आणि कूलंटचं तापमान त्याच्या वाटेतला वेगळा थर्मोस्टॅट ठरवतो, नागपूरचं ऊन नाही. रेडिएटरला क्षमता शिल्लक आहे तोवर बाहेर ३० असो की ४५, तेलात मोठा फरक पडत नाही. आणि इंजिन किती तापतं ते त्याच्याकडून किती ताकद घेता यावर ठरतं. आरएस २४५ समृद्धी महामार्गावर १२० च्या मर्यादेत धावत ठेवायला तीसेक अश्वशक्ती पुरते. पाच टक्क्यांचा चढ चार माणसं आणि सामान घेऊन ताशी ६० ने चढायलाही साधारण तेवढीच. २४५ पैकी तीस.

टर्बो असेल तर कूलर लागतोच, हेही नाही. आजच्या बहुतेक पेट्रोल टर्बोंच्या बेअरिंग हाउसिंगमधून कूलंट फिरतं आणि या इंजिनात गाडी बंद केल्यावरही इलेक्ट्रिक पंप ते काही वेळ फिरवतो. टर्बोत तेल करपतं ते जोरात चालवून लगेच इंजिन बंद केल्यावर, आणि तेव्हा ऑइल पंपच थांबलेला असतो, कूलर काय करणार? शेवटची दोन-तीन मिनिटं हळू चालवा.

काट्याबद्दल मात्र मेसेजवाल्याचं अर्धं म्हणणं मान्य करावं लागतं. कूलंटचा काटा मुद्दाम मधोमध धरून ठेवलेला असतो, खरं तापमान पाच-दहा अंश हललं तरी तो हलत नाही, आणि तेलाबद्दल तर तो काहीच सांगत नाही. कारखान्यातून आलेली प्रत्येक गाडी पुरेशी गार राहते हेही खरं नाही. निसान ३७०झेड हे त्याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण. २००९ मध्ये आलेल्या या ३.७ लिटरच्या गाडीला सुरुवातीला ऑइल कूलर नव्हता. ट्रॅकवर सलग फेऱ्या मारल्या की तेल २८० फॅरनहाइटला, म्हणजे सुमारे १३८ अंशांना पोचायचं आणि इंजिनाचा संगणक आरपीएम कापायचा. पुढच्या वर्षांत निसानने काही मॉडेल्सना कारखान्यातूनच कूलर दिला. पण तिथे आधी आकडा दिसला आणि मग कूलर आला, हा क्रम महत्त्वाचा.

म्हणून आधी मोजा. आरएसच्या डिस्प्लेवर तेलाचं तापमान दिसतं, ५० अंशांच्या खाली नुसत्या रेघा असतात. ज्या गाडीत दिसत नाही तिला ओबीडी रीडर (गाडीच्या संगणकातले आकडे दाखवणारं उपकरण) लावून बघा. तेलाचा सेन्सरच नसेल तर चेंबरच्या ड्रेन बोल्टमध्ये बसणारा सेन्सर आणि साधा गेज पुरतो. मे महिन्यातल्या दुपारी एसी लावून तीन नोंदी घ्या: महामार्गावर सलग अर्धा तास, भरल्या गाडीने पूर्ण घाट, आणि तासभर ट्रॅफिक. सर्वात जास्त आकडा आणि तो किती मिनिटं टिकला, दोन्ही लिहा.

११५ पर्यंत काही करायचं नाही. ११५ ते १२५ दिसत असेल तर आधी फुकटातल्या गोष्टी: रेडिएटर आणि कंडेन्सरच्या मध्ये साचलेली धूळ-किडे साफ करा, कूलंटचं मिश्रण आणि पंख्याचा दुसरा स्पीड तपासा, गाडीखालचं प्लास्टिक कव्हर गायब आहे का बघा. मॅन्युअल परवानगी देत असेल तर १५० अंशांना ३.५ सेंटिपॉइज किंवा जास्त टिकवणारं तेल घ्या. ५डब्ल्यू-४० मध्ये ते मिळतंच. तेल सलग काही मिनिटं १३० च्या वर राहत असेल, किंवा गरम तेलाचं प्रेशर दर हजार आरपीएमला ०.७ बारच्या खाली जात असेल, तर कूलरचा विचार करा (तेल १३० च्या खाली असूनही प्रेशर कमी दिसलं तर आधी पंप आणि बेअरिंग तपासा). रीमॅप केलेली (संगणकाचं प्रोग्रॅमिंग बदलून ताकद वाढवलेली) गाडी बुद्ध सर्किट, चेन्नई किंवा कोइमतूरच्या रेस ट्रॅकवर पंधरा-वीस मिनिटांच्या सेशनसाठी नेत असाल तर असे आकडे दिसू शकतात, तिथे कूलर हवाच. नुसत्या घाटात किंवा महामार्गावर ते दिसले तर काहीतरी बिघडलंय, ते आधी शोधा.

राहिला ‘अर्ध्या तासाचा’ मुद्दा. सार्वत्रिक किटमधली सँडविच प्लेट (फिल्टर आणि इंजिनाच्या मध्ये बसणारी) आट्यांवर फिरवायच्या डबा फिल्टरसाठी असते. आरएस २४५ ला वरून बसणारा कागदी काडतूस फिल्टर आहे, त्यामुळे ती प्लेट बसतच नाही. त्या इंजिनासाठीच बनवलेला अ‍ॅडॉप्टर लागतो. आकडे बघून कूलर लागतोच असं ठरलं तर १३ ते १९ ओळींचा, थर्मोस्टॅटसह, एएन-१० मापाच्या नळ्यांचा घ्या. कूलर रबरी बुशवर बसवा, तोंडं वर ठेवा म्हणजे हवा अडकणार नाही, समोर जाळी लावा. इंटरकूलर आणि एसी कंडेन्सरच्या बरोबर पुढे लावला तर त्यांना गरम हवा मिळते, म्हणून बाजूचा झरोका शोधा. नळी जिथे पत्र्याला घासेल तिथे गार्ड घाला. ती फाटली तर चेंबरमधलं साडेपाच लिटर तेल अर्ध्या मिनिटात रस्त्यावर येतं आणि लाल दिवा लागेपर्यंत बेअरिंग गेलेलं असतं. पहिल्यांदा चालू करण्याआधी फ्युएल पंपाचा फ्यूज काढून दहा-दहा सेकंद स्टार्टर मारा, प्रेशरचा दिवा विझला की मगच फ्यूज लावा. मग दोन मिनिटं आयडल, बंद, आणि डिपस्टिक बघून तेल भरा; साधारण अर्धा ते एक लिटर जास्त लागतं. शंभर किलोमीटरनंतर सगळे जोड पुन्हा तपासा. गाडी वॉरंटीत असेल तर ऑइल सर्किटला हात लावल्यावर इंजिनाचा क्लेम नाकारायला कंपनीला कारण मिळतं.

आणि दुसऱ्याच्या गाडीवरून काढलेला कूलर स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका. त्या गाडीचं बेअरिंग गेलेलं असेल तर धातूचा चुरा कूलरच्या पत्र्यांत अडकून बसतो, कितीही धुतला तरी पूर्ण निघत नाही, आणि कूलर फिल्टरच्या नंतर जोडलेला असेल तर तो चुरा सरळ तुमच्या क्रँकच्या बेअरिंगमध्ये जातो.