कॅटलॉग मोबाइलवर द्या, पण नंबर गोठवून द्या

थंडी पडली, मुंबईत डॉग शोचा हंगाम सुरू झाला की कमिटीच्या बैठकीत एक वाद हमखास निघतो. यंदा कॅटलॉग, म्हणजे शोमधल्या सगळ्या कुत्र्यांची नंबरवार यादी, छापायचा, की नुसती पीडीएफ ग्रुपवर टाकून मोकळं व्हायचं? एका बाजूला खर्चाचं रडगाणं, दुसऱ्या बाजूला ‘कागदाची मजाच वेगळी’वाले. माझ्या मते दोघंही मुद्दा सोडून बोलतात. प्रत्येकासाठी सरसकट छापायची आता गरज नाही. पण छापखान्यामुळे जी शिस्त आपोआप पाळली जायची, ती पीडीएफ आल्यावर उडाली. रिंगच्या (जजपुढे कुत्रे उभे करायच्या जागेच्या) दोरीपाशी होणारी बरीच भांडणं तिथून सुरू होतात.

फाइल प्रेसला गेली, प्लेट निघाली की विषय संपायचा. एंट्रीची शेवटची तारीख खरोखर शेवटची असायची. फारच ओळखीचा कोणी उशिरा आला तर त्याला ४७-अ असा नंबर मिळायचा, नाहीतर पुढच्या वर्षी या. आता फाइल संगणकावर उघडीच असते. कोणाचा तरी फोन येतो, एक्सेलमध्ये मधेच एक ओळ घुसवली जाते आणि खालचे सगळे नंबर एकाने सरकतात. गुरुवारी फाइल उतरवलेल्याच्या मोबाइलवर लॅब्रॅडॉर १३२ नंबरचा, शनिवारी उतरवलेल्याकडे तोच १३३. आर्मबँड, म्हणजे कुत्रा धरणाऱ्याच्या दंडावरचे नंबरपट्टे, मात्र शुक्रवारच्या यादीवरून लिहिलेले.

ही साधी गफलत नाही. जजला कुत्र्याचं नाव माहीत नसतं, मालकाचंही माहीत नसावं अशी अपेक्षा असते. त्याच्यापुढे फक्त आर्मबँडवरचा आकडा असतो आणि निकालही आकड्यावरच लिहिला जातो. चॅम्पियन किताबासाठी लागणारं चॅलेंज सर्टिफिकेट ब्रीडमध्ये (एका जातीत) नराला एक आणि मादीला एक. आकडा चुकला तर ते कागदावर भलत्याच कुत्र्याच्या नावे चढतं, आणि मग मूळ एंट्री फॉर्म शोधत बसा.

उपाय सोपा आहे, फक्त कोणी करत नाही. एंट्री बंद झाली की आधी सगळे फॉर्म यादीशी ताडून घ्या. मग ब्रीड, लिंग, क्लास (स्पर्धेतला गट) अशा क्रमाने लावा. मग नंबर द्या, आणि तो रकाना सूत्राचा ठेवू नका; कॉपी करून त्याच जागी फक्त आकडे चिकटवा. त्यानंतर कोणी माघार घेतली तर तो नंबर रिकामा राहू द्या, दुसऱ्याला देऊ नका. नावातली चूक सापडली तर नवी फाइल न काढता एका पानाचं शुद्धिपत्र काढा. फाइलच्या नावातच तारीख आणि वेळ घाला. ‘कॅटलॉग फायनल नवीन २’ हे नाव नव्हे.

तारखेचा घोळ तर स्वतंत्र प्रकरण आहे. जन्मतारीख ०५/०३ अशी टाइप केली आणि संगणक अमेरिकन पद्धतीवर असला, की ५ मार्चचं पिल्लू ३ मेचं होतं. कुत्रा कोणत्या क्लासमध्ये उभा राहील हे शोच्या दिवशीच्या वयावर ठरतं, म्हणजे दोन महिन्यांच्या फरकाने तो चुकीच्या रांगेत जातो. महिना अक्षरात लिहिला की हा प्रश्नच उरत नाही. सायर (बाप) आणि डॅम (आई) यांची अदलाबदल, नराच्या यादीत मादी, पैदास करणाऱ्या केनेलचं नाव अर्धवट हे नेहमीचे पाहुणे. यावर सर्वांत स्वस्त इलाज म्हणजे प्रत्येक एंट्रीवाल्याला त्याच्या कुत्र्याची तेवढी ओळ व्हॉट्सॲपवर पाठवायची आणि उत्तराला चोवीस तास द्यायचे. अख्खी यादी पाठवू नका. लोक स्वतःची ओळ तपासायचं सोडून शेजाऱ्याचा कुत्रा कोणत्या क्लासमध्ये आहे ते बघत बसतात.

‘एवढं काय त्या यादीचं’ म्हणणाऱ्यांसाठी थोडा इतिहास. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला १८५९ साली पहिला रीतसर डॉग शो झाला, पॉइंटर आणि सेटर मिळून फक्त ६० एंट्र्या. पुढच्या काही वर्षांत शो वाढले आणि एकाच नावाचे इतके कुत्रे झाले की कोण कोणाचा पोरगा हे कळेना. १८७३ मध्ये तिथला केनेल क्लब स्थापन झाला आणि त्याने लगेच पहिलं स्टड बुक, म्हणजे कुत्र्यांची वंशनोंदवही, काढलं. त्यात १८५९ पासूनच्या शोंच्या नोंदी गोळा करून ४,०२७ कुत्र्यांची माहिती लावली होती. शोच्या याद्या नसत्या तर हे पुस्तक कशावरून झालं असतं? आजही आपल्याकडे दर शोला चार सिंबा आणि तीन ब्रूनो असतात. नोंदणीचं पूर्ण नाव, केसीआयचा (केनेल क्लब ऑफ इंडियाचा) नंबर, जन्मतारीख, सायर, डॅम, ब्रीडर आणि मालक या सात गोष्टी कॅटलॉगमध्ये पाहिजेतच. घरात त्याला काय हाक मारता याच्याशी कॅटलॉगला देणंघेणं नाही.

आता जजचा प्रश्न. जजने आपलं काम संपेपर्यंत त्या शोचा कॅटलॉग पाहायचा नाही, हा जगभरचा दंडक. छापील प्रती सकाळी गेटवर विकल्या जात, म्हणून तो पाळणं सोपं होतं. पीडीएफ चार दिवस आधी ग्रुपवर पडली की ती कोणाकोणाकडे पोचली हे कोणी सांगू शकत नाही. जज बघतीलच असं नाही, पण हरलेल्याच्या डोक्यात शंका राहते. म्हणून आधी फक्त रिंगचं वेळापत्रक जाहीर करा: कोणती रिंग, ब्रीडचा क्रम, प्रत्येकात किती कुत्रे, नंबर कुठून कुठपर्यंत. नावं नकोत. पूर्ण कॅटलॉग आदल्या रात्री पासवर्ड लावून पाठवा आणि पासवर्ड सकाळी गेटवरच्या फळ्यावर लिहा. मैदानात हजार माणसं जमली की नेटवर्क रांगत चालतं, त्यामुळे फाइल घरूनच उतरवलेली बरी. अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर ती उघडते का, हे मात्र आधी बघून घ्या.

वेळापत्रकात आकडे का हवेत? आपल्याकडे कुत्रे गाडीत नाहीतर मांडवाखाली क्रेटमध्ये असतात आणि भोंग्यावरची घोषणा पार्किंगपर्यंत पोचत नाही. जजचा साधारण वेग तासाला २५ कुत्रे धरा. रिंग साडेनऊला सुरू झाली आणि तुमच्या आधी ६० कुत्रे आहेत, तर तुमची पाळी बाराच्या थोडी आधी येणार. म्हणजे कुत्र्याला अकरापर्यंत सावलीत पडू द्यायचं, मग पाणी, शी-शू, ब्रश. हे गणित जमत नाही म्हणून लोक सकाळपासून उन्हात ताटकळतात, आणि रिंगमध्ये शिरताना कुत्र्याची जीभ हातभर बाहेर.

आता पीडीएफ कशी करावी. छापायला केलेलं दोन रकान्यांचं पान मोबाइलवर टाकलं की माणूस बोटांनी ताणून ताणून थकतो. एका हातात लीश, दुसऱ्यात चिकनचे तुकडे, वर दुपारचं ऊन. त्यात स्क्रीन दिसत नाही. मोबाइलसाठी एकच रकाना, मोठं अक्षर आणि पांढऱ्यावर काळं. वॉटरमार्क नको, जाहिरातींचे फोटो शेवटी. छापील प्रत स्कॅन करून टाकणं तर गुन्हाच समजा, कारण त्यात शब्द शोधता येत नाही. आणि शोधता आला तरी ब्रीडच्या नावाची गोची आहेच. आपला मुधोळ हाउंड केसीआयच्या यादीत कॅरावॅन हाउंड म्हणून असतो. ‘मुधोळ’ टाकणाऱ्याला काहीच सापडत नाही आणि तो ऑफिसच्या टेबलावर येऊन भांडतो, आमचं ब्रीड गाळलं म्हणून. जर्मन शेफर्डला अल्सेशियन म्हणणारेही अजून पुष्कळ आहेत. अनुक्रमणिकेत बोलीतलं नाव घालून पुढे ‘पाहा: अमुक’ लिहिलं की काम झालं. गेटवर क्यूआर कोड लावणार असाल तर तो किती लांबून स्कॅन करणार त्याच्या दहाव्या हिश्शाइतका मोठा असावा. दोन मीटरवरून स्कॅन करायचा तर वीस सेंटिमीटर. पोस्टकार्डाएवढा कोड मांडवाच्या खांबावर चिकटवून काही होत नाही.

एका बाबतीत कागद बरा होता. छापलेल्या दोनशे प्रतींत मालकाचा पत्ता आणि फोन असला तरी तो दोनशे घरांतच राहायचा. ऑनलाइन गेलेला पत्ता कायमचा बाहेर, आणि त्याच्या शेजारी कोणत्या घरात कोणता महागडा कुत्रा आहे तेही लिहिलेलं. मालकाचं नाव आणि शहर पुरे. मायक्रोचिपचा पंधरा आकडी नंबर ऑफिसच्या प्रतीत ठेवा, लोकांच्या नको. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला आहे. एंट्री फॉर्मवर संमतीची एक ओळ आणि खुणेचा चौकोन घालायला जागा लागते किती?

छापायचं ते थोडं आणि नीट छापा. प्रत्येक रिंगला दोन, घोषणा करणाऱ्याला एक, फोटोग्राफरला एक, ऑफिसला चार, आणि ज्यांनी एंट्रीसोबत पैसे भरून मागितली त्यांना. साठेक प्रती होतील. ४०० एंट्र्या, ए-५ पानावर दहा, म्हणजे ४० पानं. जज, वेळापत्रक, अनुक्रमणिका, जाहिराती यांची ८ धरून ४८. चारच्या पटीत बसतं, म्हणजे प्रतीला ए-४ चे १२ कागद आणि वर कव्हर. साठ प्रतींना ७२० कागद, दीड रीमही नाही. एवढ्यासाठी प्लेट काढून ऑफसेट छपाई नको. फोर्ट किंवा लोअर परळला डिजिटल छपाईवाला एका दिवसात देतो. आतला कागद ७० जीएसएम जाडीचा मॅप्लिथो, म्हणजे बिनचकाकीचा साधा कागद, घ्या. चकचकीत आर्ट पेपरवर पेन्सिल उमटत नाही आणि जेलपेन पसरतं, आणि कॅटलॉग हा मुळात खुणा करायचा कागद आहे. बाइंडिंग सेंटर पिनचं. गम बाइंडिंगची प्रत तळहातावर उघडी राहत नाही.

जाहिरातींबद्दल ओरड होते की कागद गेला तर केनेलवाले आणि डॉग फूडवाले पैसे देणार नाहीत. पूर्ण पानाचा भाव थोडा उतरेल, हे खरं. पण छपाईचा खर्चही उतरतो.

शो संपल्यावरचं काम सगळ्यांत दुर्लक्षित. ऑफिसच्या एका प्रतीत प्रत्येक क्लासचे १, २, ३, ४, गैरहजर, सर्टिफिकेट कोणाला, हे त्याच संध्याकाळी जजच्या निकालाच्या पुस्तकावरून उतरवा आणि दोघांनी ताडून घ्या, एकाने वाचायचं, दुसऱ्याने टिंब मारायचं. मग ती प्रत स्कॅन करून क्लबच्या खात्यात ठेवा. सेक्रेटरीच्या खासगी खात्यात नको. सेक्रेटरी बदलला की लिंक मेली. मूळ कागदी प्रतही जपा, पण मुंबईची हवा विसरू नका. दोन पावसाळ्यांत पिना गंजतात, मधली चार पानं सुटतात आणि गंजाचा डाग नेमका आकड्यांवर येतो. जपायच्या प्रतीच्या पिना काढून सुती दोऱ्याने तीन टाके घाला, सिलिका जेलची पुडी टाकून डब्यात ठेवा, आणि जूनच्या आधी पुडी बदला.