‘नेटवर कबर नाही, म्हणजे माणूस पळाला’ : या मेसेजला माझं उत्तर

गेले काही महिने कॅनडातल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो आहे. मला तो तिघांनी पाठवला. माझं सासर इंग्लंडहून आलेल्या घराण्यातलं आहे आणि उन्हाळ्यात सुट्टीच्या दिवशी मी ओंटारिओतल्या जुन्या दफनभूमींत कबरींवरच्या दगडांचे फोटो काढून नोंदी करत असते, हे त्यांना माहीत आहे.

मेसेज थोडक्यात असा : इंग्रजांनी 1538 पासून प्रत्येक माणसाची नोंद ठेवली. कॅनडात गेल्यावरही तीच शिस्त पाळली. त्यामुळे इंग्लंडहून कॅनडात गेलेल्या कुठल्याही पूर्वजाची कबर आज घरबसल्या दहा मिनिटांत सापडते. दगडाचा फोटो मिळाला की पुरावा मिळाला. काहीच मिळालं नाही, तर तो जहाजावर मेला असं समजावं, नाहीतर नाव बदलून पळाला असं. आणि शेवटी, आपल्या लोकांकडे असं काहीही नाही.

एरवी मी असले मेसेज पुसून टाकते. पण यातलं ‘नाव बदलून पळाला’ हे वाक्य माझ्या सासरी चार पिढ्या बोललं गेलं आहे. सासूबाईंचे पणजोबा इंग्लंडमधल्या केंट परगण्यातून इथे आले. सुतारकाम करायचे. 1881 च्या जनगणनेत ते बायकामुलांसह दिसतात, 1891 मध्ये दिसत नाहीत. बायकोच्या नावापुढे ‘विधवा’ लिहिलं आहे, पण नवऱ्याने टाकलेल्या बायकाही लाजेपोटी तसंच सांगत. कबर कुठे सापडेना. मग घरात ठरूनच गेलं की ते सरहद्दीपलीकडे अमेरिकेत गेले आणि तिकडे दुसरा संसार थाटला. सासूबाईंच्या आजीने वडिलांचा एकुलता एक फोटो भिंतीवरून उतरवून ट्रंकेच्या तळाशी टाकला होता. त्या पणजोबांचं काय झालं ते पुढे सांगते. आधी मेसेजमधल्या एकेका मुद्द्याकडे बघू.

‘1538 पासून प्रत्येकाची नोंद आहे.’

वर्ष बरोबर आहे. राजा आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याच्या हुकमाने त्या वर्षी इंग्लंडमधल्या प्रत्येक पॅरिशला, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीला, बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची वही ठेवणं भाग पडलं. ‘प्रत्येकाची’ हा शब्द मात्र चूक आहे. ती वही चर्च ऑफ इंग्लंडची. क्वेकर, बाप्टिस्ट, कॅथलिक अशा इतर ख्रिस्ती पंथांच्या लोकांची नोंद असलीच तर दुसरीकडे. 1640 च्या दशकात यादवी युद्ध पेटलं तेव्हाची तर कित्येक गावांच्या वह्यांत वर्षंच्या वर्षं कोरी आहेत. सरकारी मृत्युनोंद सुरू झाली ती 1 जुलै 1837 ला.

शिवाय नोंदीत असतं काय, हेही बघा. 1813 पासून छापील वह्या आल्या. दफनाच्या पानावर रकाने पाचच : नाव, राहण्याचं ठिकाण, दफनाची तारीख, वय आणि विधी करणाऱ्या पाद्र्याचं नाव. आईबापांचं नाव नाही, नवराबायकोचं नाही. एकाच गावात एका नावाचे तीन विल्यम असले तर त्यांतला आपला कोणता, हे ती वही सांगत नाही.

इथे एक चूक मी इतक्या वंशावळींत पाहिली आहे की थोडं थांबून सांगते. लोक कॅनडात गेलेल्या विल्यमचा इंग्लंडमधला बाप्तिस्मा शोधतात, नाव आणि साल जुळलं की खूश होतात आणि तिथेच थांबतात. त्याच गावची दफनाची वही पुढे चाळत नाहीत. चाळली असती तर दिसलं असतं की बाप्तिस्मा झालेला तो विल्यम दोन वर्षांचा असतानाच गेला. पूर्वज म्हणून जोडलेलं ते मूल कॅनडात कधी आलंच नव्हतं. म्हणून कॅनडातली कबर शोधायची असली तरी इंग्लंडमधली दफनाची पानं आधी वाचावी लागतात.

‘कॅनडाने तीच शिस्त पाळली.’

कॅनडात सगळ्या देशाची मिळून एक मृत्युनोंदवही कधी नव्हतीच. हे काम प्रांतांचं, आणि प्रत्येक प्रांताने ते आपल्या सवडीने सुरू केलं. ओंटारिओत 1 जुलै 1869 पासून. ब्रिटिश कोलंबियात 1872, मॅनिटोबात 1882, न्यू ब्रन्सविकमध्ये 1888, प्रिन्स एडवर्ड आयलंडमध्ये तर 1906. नोव्हा स्कोशियाने 1864 मध्ये सुरुवात केली, 1877 मध्ये बंद केली आणि थेट 1908 मध्ये पुन्हा हाती घेतली. मधल्या तीस वर्षांत तिथे कुणी वारलं तर सरकारी कागद शोधण्यात अर्थ नाही, चर्चच गाठायला हवं. क्वेबेकची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे फ्रेंचांच्या काळापासून चर्चचीच वही सरकार धरायचं आणि तिची दुसरी प्रत कोर्टात जमा व्हायची. ही पद्धत 1994 पर्यंत चालली. मॉन्ट्रियलला उतरून तिथेच राहिलेल्या इंग्रजांची नोंद त्यामुळे पुष्कळदा चांगली सापडते, फक्त तो माणूस कोणत्या चर्चचा हे ठाऊक हवं.

आणि कायदा झाला म्हणून लोक लगेच नोंद करायला धावले नाहीत. शेतावर मूल दगावलं, कचेरी वीस मैलांवर, रस्त्यात चिखल. बापाने कुंपणाच्या कडेला खड्डा खणला आणि संध्याकाळी गुरांचं दूध काढलं. अशा मृत्यूंचा कागद नाही. कधी कधी ती मुलं 1871 च्या जनगणनेत सापडतात, कारण तिच्यात गेल्या बारा महिन्यांत घरात कोण वारलं याचा स्वतंत्र तक्ता होता. आयुष्याची खूण म्हणून तेवढी एक ओळ.

‘दगडाचा फोटो म्हणजे पुरावा.’

मी स्वतः असे फोटो काढते, म्हणून हे मला ठामपणे सांगावंसं वाटतं. दगड एवढंच सांगतो की कुणीतरी कधीतरी हा दगड कोरून घेतला. खाली कोण आहे, हे तो सांगेलच असं नाही. बायको गेल्यावर नवऱ्याचंही नाव कोरून ठेवतात, आणि नवरा पुढे मुलीकडे व्हँकुव्हरला जाऊन तिकडेच वारतो. नातवंडांनी पन्नास वर्षांनी आठवणीवरून बसवलेल्या दगडावर जन्मसाल चुकतं. युद्धात फ्रान्समध्ये पडलेल्या मुलाचं नाव इथे आईबापांच्या दगडावर असतं.

सगळ्यात मोठं उदाहरण सेंट लॉरेन्स नदीकाठचं आहे. जलमार्ग आणि वीजप्रकल्पासाठी 1 जुलै 1958 ला ओंटारिओतल्या कॉर्नवॉल शहराजवळची दहा गावं आणि वस्त्या पाण्याखाली गेल्या. सुमारे 6,500 माणसं उठली. दफनभूमीही बुडणार होत्या. काही कुटुंबांनी अवशेष हलवून घेतले, पण पुष्कळ कबरी जागीच राहिल्या आणि वर दगडांचा थर अंथरून पाणी सोडलं गेलं. वरचे शिलालेख तेवढे काढून मॉरिसबर्गजवळ अप्पर कॅनडा व्हिलेज या जुन्या गावाच्या संग्रहालयाशेजारी भिंतींत बसवले. मी त्या भिंतींसमोर उभी राहिले आहे. विटांमध्ये जडवलेले पांढरे दगड, एखाद्यावर कोकरू, एखाद्यावर हात हातात घेतलेले. समोर हिरवळ, आणि तिच्याखाली त्यांच्यातलं कुणीही नाही. त्यांची माणसं नदीच्या तळाशी आहेत. फोटो पाहणाऱ्याला हे कसं कळणार?

नोव्हा स्कोशियातल्या हॅलिफॅक्सच्या फेअरव्ह्यू लॉन दफनभूमीत टायटॅनिकवरच्या 121 जणांच्या कबरी आहेत. त्यांतल्या एका अनोळखी लहानग्याचा दगड सगळ्या जगाला माहीत आहे. डीएनए तपासून 2002 मध्ये तो फिनलंडचा बाळ असल्याचं जाहीर झालं. 2007 मध्ये पुन्हा नीट तपासलं, जपून ठेवलेले त्याचे बूटही विचारात घेतले, आणि कळलं की तो इंग्लंडहून कुटुंबासह निघालेला सिडनी गुडविन, 19 महिन्यांचा. प्रयोगशाळेत बसलेल्या तज्ज्ञांनाही उत्तर बदलावं लागलं, आणि त्यांनी ते उघडपणे बदललं. आपण एका फोटोवर विसंबून वंशावळ बंद करतो.

‘दगड नाही, म्हणजे तिथे पुरलेला नाही.’

मेसेजमध्ये हे इतक्या उघड शब्दांत नाही, पण लोक त्याचा अर्थ हाच काढतात. मला याचा सगळ्यात जास्त राग येतो, कारण यात गरीब माणूस दुसऱ्यांदा पुरला जातो.

दगडाला पैसे लागत. ज्यांच्याकडे नव्हते त्यांनी लाकडी फळी लावली आणि ती वीस-तीस हिवाळ्यांत कुजली. टोरोंटोत यंग आणि ब्लोअर या रस्त्यांच्या चौकात आज काचेच्या इमारती आहेत. तिथे 1826 पासून 1855 पर्यंत पॉटर्स फील्ड नावाची दफनभूमी होती. कुठल्याच चर्चची जागा न मिळालेल्या 6,685 माणसांना तिथे पुरलं होतं. शहर वाढल्यावर अवशेष उचलून नेक्रोपोलिस नावाच्या दफनभूमीत आणि पुढे 1876 मध्ये उघडलेल्या माउंट प्लेझंट दफनभूमीत नेले. जाता जाता किती दगड आले असतील?

आणि मुलं. 1869 पासून इंग्लंडमधल्या अनाथालयांनी आणि धर्मादाय संस्थांनी एक लाखाहून जास्त मुलंमुली कॅनडात पाठवली. इथे त्यांना होम चिल्ड्रन म्हणतात. मुलगे शेतावर, मुली घरकामाला. कित्येकांचे आईबाप जिवंत होते. जी मुलं इथे वारली त्यांच्यासाठी दगड कोण घालणार? टोरोंटोच्या पश्चिमेला एटोबिकोमधल्या पार्क लॉन दफनभूमीत अशी सुमारे 75 मुलं कुठल्याही खुणेशिवाय मातीत होती. त्यांची नावं कोरलेलं स्मारक 2017 मध्ये उभं राहिलं. नावं मिळाली कुठून? दफनभूमीच्या वहीतून. दगड नव्हता, पण वही होती, आणि कुणीतरी चिकाटीने बसून ती वाचली.

‘नाहीतर जहाजावर मेला.’

काही जण खरंच मेले. क्वेबेकजवळचं ग्रोस आयल हे बेट 1832 पासून 1937 पर्यंत विलगीकरणाचं ठाणं होतं. तिथे 1847 या एका वर्षात 5,000 हून अधिक माणसं पुरली गेली, बहुतेक आयरिश. पण प्रवाशांच्या याद्या क्वेबेक बंदरात सलग मिळतात त्या 1865 पासून. त्याआधीच्या माणसाचं नाव यादीत नाही म्हणून तो समुद्रात गेला, असं म्हणता येत नाही.

‘आपल्या लोकांकडे असं काही नाही’ यावर दोनच ओळी. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांच्या वह्या ज्यांनी पाहिल्या आहेत ते असं म्हणणार नाहीत. तिथे गेलं की पहिला प्रश्न असतो, गाव कोणतं, आडनाव काय. कॅनडातही वही उघडते ती याच प्रश्नाने : टाउनशिप (म्हणजे गावाचा इलाखा) कोणतं, चर्च कोणतं, अंत्यविधी कुणी केला.

आता पणजोबा. मी नेटवरच्या याद्या दोन वर्षं धुंडाळल्या, काही नाही. मग सासूबाई एकदा सहज बोलल्या की त्यांच्या आजीकडची माणसं आडनावाच्या सुरुवातीचा ‘ह’ उच्चारायचीच नाहीत. केंटकडची जुनी बोली. लिहून घेणारा कारकून दुसऱ्याच मुलखाचा, त्याने कानावर पडलं तसं लिहिलं असणार. मी ‘ह’ काढून स्वराने सुरू होणारं आडनाव टाकलं आणि 1886 मधली एक मृत्युनोंद समोर आली. सुतार, जन्म इंग्लंड, वय जुळणारं, कारण न्यूमोनिया. घरापासून साठ मैलांवरचं गाव. बहुधा कामासाठी गेले असावेत.

त्या गावच्या दफनभूमीला मी पत्र लिहिलं, पण नुसतं नाव कळवून थांबले नाही. विचारलं की त्या प्लॉटचा मालक कोण, पैसे कुणी भरले, शेजारी कोण आहे. सहा आठवड्यांनी तिथल्या बाईंनी बोलावलं. वही एका पत्र्याच्या कपाटात, पाठीला चामडं, कडा उंदरांनी कुरतडलेल्या. आम्ही दोघी, सासूबाई आणि मी, टेबलाशी बसलो. मृत्यू 9 फेब्रुवारी. पुढच्या रकान्यात ‘व्हॉल्ट’. दफन 4 मे.

सासूबाईंना कळेना की मधले तीन महिने कुठे गेले. त्या बाईंनी समजावलं. हिवाळ्यात इथली जमीन दगडासारखी गोठते, कुदळ चालत नाही. मग पेटी एका थंड कोठडीत ठेवायची आणि बर्फ वितळलं की पुरायची. मृत्यूच्या आठवड्यात दफन शोधणाऱ्याला म्हणूनच ते सापडत नाही. शेवटच्या रकान्यात, पैसे कुणी भरले त्या जागी, एकच शब्द होता : ‘टाउन’. गावाने पुरलं होतं. दगड असण्याचा प्रश्नच नव्हता. घरी पत्र गेलं की नाही, हे वहीत नाही. बायकोने जनगणनेत ‘विधवा’ खरंच सांगितलं होतं, आणि चार पिढ्यांनी तिच्यावर विश्वास ठेवला नव्हता.

बाईंनी पेन्सिलीने कागदावर आराखडा काढून दिला. फाटकापासून उजवीकडे चौथी रांग, मेपलच्या झाडापासून अकरा पावलं. तिथे नुसतं गवत होतं. सासूबाई 84 वर्षांच्या, गुडघे दुखतात, तरी खाली बसल्या आणि पर्समधून तो ट्रंकेतला फोटो काढून गवतावर ठेवला. नंतर घरी आल्यावर त्यांनी मला खिळा आणि हातोडी मागितली.