‘९९ टक्के अचूक’ एआय आणि रक्ताचा कर्करोग

‘एआय आता रक्ताच्या एका फोटोवरून ९९ टक्के अचूकतेनं कर्करोग ओळखतं, पॅथॉलॉजिस्टची गरज संपली,’ असा मजकूर सध्या सगळीकडे फिरतोय. तंत्र कामाचं आहे. दावा मात्र तपासून घ्यायला हवा.

‘९९ टक्के अचूक’: हा आकडा बहुधा सुट्या पेशींचा असतो, रुग्णांचा नव्हे. समजा, ठणठणीत माणसाच्या स्मिअरमधल्या (काचेवर पसरवलेल्या रक्ताच्या थेंबातल्या) २०० पांढऱ्या पेशी तपासल्या आणि त्यातली एक टक्का पेशी प्रोग्रामनं चुकून ब्लास्ट (ल्युकेमियात, म्हणजे रक्ताच्या कर्करोगात, वाढणारी अपरिपक्व पेशी) ठरवली. म्हणजे दोन ब्लास्ट! निरोगी माणसाच्या रक्तात एरवी एक दिसला तरी डॉक्टर सावध होतात. उलट, शंभरात एकच ब्लास्ट असेल तर सरसकट ‘नॉर्मल’ म्हणणारा प्रोग्रामही ९९ टक्के अचूकच ठरतो.

शिवाय हे गुण कुठल्या परीक्षेतले? अनेक प्रयोगांत वापरलेला एएलएल-आयडीबी१ हा रक्तपेशींच्या फोटोंचा संच अवघ्या १०८ प्रतिमांचा. म्युनिकच्या गटानं २०१९ मध्ये मांडलेल्या संचात १८,३६५ पेशी होत्या, पण त्यामागची माणसं २००. एकाच रुग्णाच्या पेशी शिकवणीत आणि परीक्षेत दोन्हीकडे आल्या, तर प्रोग्राम रोगाऐवजी त्या काचेवरची रंगछटा पाठ करू शकतो. स्टेन (पेशी रंगवण्याचं रसायन) बदलला, नुसता त्यासोबतच्या बफर द्रावणाचा पीएच (आम्लता) हलला, तरी ही छटा बदलते. म्हणून विभागणी रुग्णांनुसार हवी आणि चाचणी परक्या लॅबच्या स्मिअरवर. पोस्टमध्ये यातलं काहीच नसतं.

‘एका फोटोवरून’: स्मिअरवरून संशय येतो, निदान पुरं होत नाही. बी आणि टी लिम्फोब्लास्ट (दोन प्रकारच्या पांढऱ्या पेशींचे ब्लास्ट) नुसत्या रूपावरून वेगळे करता येत नाहीत, त्याला फ्लो सायटोमेट्री (पेशींवरच्या प्रथिनांच्या खुणा ओळखणारी तपासणी) लागते. काही ल्युकेमियांत ब्लास्ट अस्थिमज्जेत असतात, फिरत्या रक्तात जवळजवळ नसतातच. काचेवर न आलेली पेशी ओळखायची कशी?

‘पॅथॉलॉजिस्टची गरज संपली’: पेशींचे फोटो काढून त्यांचे गट सुचवणारी सेलाव्हिजनसारखी यंत्रं लॅबमध्ये वीसहून अधिक वर्षं आहेत. शेवटचा निर्णय आजही प्रशिक्षित माणूसच देतो. खरा उपयोग ढिगातला संशयास्पद स्मिअर वर आणण्याचा. एपीएल या ल्युकेमियात जीवघेण्या रक्तस्रावाचा धोका असतो, त्यामुळे नुसता संशय आला तरी जनुकीय अहवालाची वाट न पाहता एट्रा हे औषध सुरू करतात. तो स्मिअर सकाळपर्यंत रांगेत पडू न देता रात्रीच डॉक्टरांसमोर आणणारा प्रोग्राम मला हवाच आहे.